घटस्फोट आणि साडेतीनशे चौरस फुटांचं घर

वसई-विरारमध्ये नवरा-बायको वेगळं व्हायचं ठरवतात तेव्हा दागिने, दुचाकी, भांडीकुंडी यांचा हिशेब कसाबसा उरकतो. गाडं अडतं ते घरावर. मुंबईत परवडलं नाही म्हणून नायगाव, वसई रोड, नालासोपारा किंवा विरारला घेतलेला वन बीएचके. दोघांचे पगार, त्याच्या वडिलांच्या फंडातले पैसे, तिच्या मोडलेल्या पाटल्या आणि वीस वर्षांचा हप्ता यांतून उभा राहिलेला. बहुतेक कुटुंबांची मोठी मालमत्ता तेवढीच. तिचे तुकडे करता येत नाहीत. स्वयंपाकघर एकाला आणि हॉल दुसऱ्याला असं होत नाही. मग एकाने घर ठेवायचं आणि दुसऱ्याला पैसे द्यायचे, नाहीतर विकून पैसे वाटून घ्यायचे, एवढंच उरतं. दोन्हीच्या आधी एक गोष्ट ठरावी लागते: घराची किंमत किती?

पोटगीच्या आकड्यावर माणसं वर्षानुवर्षं भांडतात आणि घराची किंमत मात्र कुणीतरी तोंडी सांगितलेली धरून चालतात. पाच-सहा लाखांचा फरक तिथेच पडून जातो. त्याचा भुर्दंड बहुतेक वेळा त्या माणसाच्या माथी बसतो, ज्याला मुलांच्या शाळेसाठी त्याच घरात राहायचं असतं.

एकाच फ्लॅटच्या एकाच दिवशी निदान चार किमती ऐकू येतात. स्टेशनसमोरचा एजंट सांगतो ती पहिली. त्यात त्याची दलाली आणि घासाघीस होणार हे धरून चढवलेला आकडा असतो. दुसरी शेजारच्या नव्या टॉवरची: बिल्डरच्या फलकावरचा दर. लिफ्ट, पार्किंग, जिम आणि नवेपणा यांचा तो दर पंधरा वर्षांच्या जुन्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीला लावणं चूकच. पण ज्याला पैसे घ्यायचे आहेत तो हमखास तोच दर पुढे करतो. तिसरी बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरची. कर्ज बुडालं तर वसुली किती होईल, हे बँकेला बघायचं असतं, म्हणून ही किंमत सावध असते, आणि त्याच अहवालात घाईच्या विक्रीची आणखी खालची किंमतही लिहिलेली असते. चौथी सरकारची, म्हणजे रेडी रेकनर.

रेडी रेकनरबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. पुण्यातल्या नोंदणी महानिरीक्षकांच्या कार्यालयाकडून निघणारा हा वार्षिक दरतक्ता मुद्रांक शुल्क किमान किती रकमेवर घ्यायचं, हे ठरवण्यासाठी आहे. त्यात विभागवार दर असतो. तुमच्या इमारतीसमोरचा नाला, रात्री येणारा टँकर, जिन्यातली ओल यांतलं काही त्याला दिसत नाही. २०२५च्या आधी काही वर्षं हे दर वाढवले गेले नव्हते. १ एप्रिल २०२५ला ते राज्यात सरासरी ४.३९ टक्क्यांनी वाढले. बाजार मात्र १ एप्रिलची वाट बघत नाही. तरीही हा आकडा हाताशी असावा. घर बाहेरच्या माणसाला विकायचं ठरलं आणि व्यवहार या मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली दाखवला, तर आयकर खातं भांडवली नफा याच मूल्यावर मोजतं.

खरी किंमत शोधायची तर झालेले व्यवहार बघावे लागतात. नोंदणी झालेल्या प्रत्येक करारनाम्याचा गोषवारा, ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतो. आपल्याच इमारतीत किंवा आळीत गेल्या सहा-आठ महिन्यांत विकले गेलेले तीन-चार फ्लॅट, त्यांचं क्षेत्रफळ, मजला आणि रक्कम. तज्ज्ञ व्हॅल्युअरही मुळात हेच करतो. मग आपल्या फ्लॅटमध्ये आणि त्या फ्लॅटमध्ये काय फरक आहे, त्यानुसार आकडा खाली-वर करतो. बिनलिफ्टच्या इमारतीत चौथा मजला उतरतो. तळमजला एरवी चढा जातो, पण जुलै २०१८च्या पावसात नालासोपारा आणि वसईत पाणी किती दिवस साचून राहिलं होतं हे आठवणारे ग्राहक सखल भागातल्या तळमजल्यावर पैसे कमी लावतात. पाण्याचं तसंच. ज्या सोसायटीला महापालिकेचं पाणी पुरेसं येतं आणि जी दर आठवड्याला टँकर मागवते, त्या दोघींतला फरक मेंटेनन्सच्या बिलात दिसतो, आणि शेवटी किमतीतही.

मोजमापाचा घोळ सगळ्यांत जास्त नडतो. इथे बोलीभाषेत फ्लॅट ‘साडेपाचशेचा वन बीएचके’ असतो. मोजपट्टी लावली की आत साडेतीनशे फूट भरतात. बाकीचे जिना, पॅसेज आणि बिल्डरच्या हिशेबातले. स्थावर संपदा कायदा १ मे २०१७पासून पूर्ण लागू झाला, महारेरा आलं, आणि कार्पेट क्षेत्रावर व्यवहार दाखवणं बंधनकारक झालं. त्याआधीच्या करारनाम्यांत मात्र कुठे बिल्टअप, कुठे सेलेबल, तर कुठे नुसतंच ‘क्षेत्रफळ’ लिहिलेलं सापडतं. समजा, फ्लॅट ३३ लाखांना जाण्यासारखा आहे. सेलेबल ५५० फुटांवर तो दर ६,००० रुपये होतो. कार्पेट ३५० फुटांवर सुमारे ९,४०० रुपये. आता कुणी कार्पेटचा दर उचलून सेलेबलच्या फुटांना गुणलं, तर तोच फ्लॅट ५१ लाखांवर जातो. हे मुद्दाम होतं असं नाही. दोन कागद, दोन भाषा आणि घाई, एवढं पुरतं. रेडी रेकनरचा दर तर चौरस मीटरमध्ये असतो, एका चौरस मीटरला १०.७६४ चौरस फूट. म्हणून अहवालात सगळ्यांत आधी बघायची ओळ म्हणजे ‘प्रत्यक्ष मोजलेलं कार्पेट क्षेत्र’. ते मोजताना दोघांनी, नाहीतर दोघांच्या माणसांनी, हजर राहावं.

किंमत कळली म्हणून वाटणी कळत नाही. घर कुणाचं, हा वेगळा प्रश्न आहे आणि इथे पुष्कळ बायकांची फसगत होते. लग्नानंतर घेतलेलं घर आपोआप निम्मं-निम्मं होतं, असा समज सिनेमांतून आणि परदेशच्या बातम्यांतून आला असावा. महाराष्ट्रात तसं नाही. आपल्याकडे घर ज्याच्या नावावर, त्याचं. घटस्फोटात पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेत हिस्सा मिळावा, अशी तरतूद असलेलं विधेयक ऑगस्ट २०१३मध्ये राज्यसभेने मंजूर केलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. शेजारच्या गोव्यात मात्र १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर तिथे पती-पत्नी एकमेकांच्या मालमत्तेत निम्म्याचे धनी असतात. वाटणीच्या वेळी मालमत्तेची यादी होते, मूल्य ठरतं आणि हक्कदार आपसांत बोली लावून घर घेऊ शकतात. मला ही पद्धत आवडते. ज्याला घर महत्त्वाचं तो बोली चढवतो, दुसऱ्याला त्याचे पूर्ण पैसे मिळतात, आणि किंमत तिसऱ्या कुणी लादलेली नसते. महाराष्ट्रातलं जोडपंही संमतीने हे करू शकतं. कायदा आड येत नाही.

नाव दोघांचं असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ४५वं कलम कामाला येतं. ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा. आणि कुणी किती घातले याचा पुरावाच नसेल, तर दोघांचा हिस्सा सारखा धरायचा. हे एक वाक्य वसई-विरारमधल्या हजारो करारनाम्यांना लागू पडतं. कारण इथे पुष्कळ बायकांचं नाव वेगळ्याच कारणाने लागलेलं आहे. जून २०१५मध्ये आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत अल्प उत्पन्न गटाला व्याजात अनुदान मिळत होतं, जास्तीत जास्त सुमारे २ लाख ६७ हजार रुपयांपर्यंत, आणि त्यासाठी घरावर स्त्रीचं नाव असण्याची अट होती. नाव लागलं, पुढे भांडण झाल्यावर ‘तिचं नाव फक्त सबसिडीपुरतं होतं’ असं तिला ऐकवलं जातं. तसं म्हणून ते नाव पुसलं जात नाही. पैसे आपणच घातले हे दुसऱ्याला पुराव्याने दाखवावं लागतं. उलटही घडतं: नाव एकट्या नवऱ्याचं आणि हप्ते तिच्या पगारातून. तेव्हा तिच्या बँकेच्या पासबुकातल्या नोंदी म्हणजे घराची किंमत सांगणाऱ्या कागदाइतकाच मोलाचा कागद.

आणि जिने नोकरी केली नाही, पण डबे, दुखणी, पोरं, सासूबाईंचं आजारपण सांभाळलं, तिचं काय? त्याची पावती नसते. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३मध्ये एका प्रकरणात, पत्नीने घर सांभाळलं म्हणूनच पतीला कमावून मालमत्ता घेता आली, असं म्हणत तिचा निम्मा वाटा मान्य केला. महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही. पण वाटाघाटीला बसताना तो सांगायला हरकत नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना जमीन बायकोच्या नावे करायला लावली, त्यामागेही कष्टाची नोंद कागदावर व्हावी हाच विचार होता. आपल्याकडे कायम ठोक पोटगी ठरवताना न्यायालय दोघांची मालमत्ता बघतं, आणि नावावर नसलेलं घरही या वाटेने हिशेबात येतं. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या ‘रजनीश विरुद्ध नेहा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठरवून दिलं की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपली मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर जाहीर करायची. घराची किंमत त्या शपथपत्रात लिहावी लागते. तिथे अंदाजपंचे आकडा टाकला आणि पुढे अहवालात दुप्पट निघाला, तर लिहिणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांवरही न्यायाधीशांचा विश्वास उरत नाही.

आता आकड्यांचं एक उदाहरण घेऊ. समजा, विरार पूर्वेच्या फ्लॅटचं बाजारमूल्य ३८ लाख ठरलं आणि बँकेच्या पत्राप्रमाणे थकीत मुद्दल १६ लाख आहे. वाटण्यासारखे उरतात २२ लाख. निम्मे-निम्मे ठरलं तर प्रत्येकी ११. घर तिने ठेवायचं असेल तर तिने त्याला ११ लाख द्यायचे आणि १६ लाखांचं कर्ज पुढे एकटीने फेडायचं. ‘मी आजवर चौदा लाखांचे हप्ते भरले, ते आधी द्या’ हे भांडण इथे नेहमी होतं. पण सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो. तेवढी वर्षं दोघं त्या घरात राहिले, म्हणून मी त्याला भाड्यासारखं धरते. घरात शिल्लक राहिलं ते मूल्य वजा कर्ज, एवढंच. किंमत नव्या टॉवरच्या दराने ४४ लाख धरली असती तर तिला ११ ऐवजी १४ लाख द्यावे लागले असते. त्याच भिंतींसाठी तीन लाख जास्त.

डाउन पेमेंटचे सहा लाख तिच्या माहेरून आले असतील तर? दोन रीती आहेत. एक, ते सहा लाख आधी बाजूला काढून तिला द्यायचे आणि उरलेले १६ लाख निम्मे करायचे: तिला १४, त्याला ८. दुसरी, घर मुळात २४ लाखांना घेतलं होतं तर सहा लाख म्हणजे चौथा हिस्सा. घर वाढलं तसा तो हिस्साही वाढला, आज साडेनऊ लाख झाला. उरलेल्या साडेअठ्ठावीस लाखांतून कर्ज वजा जाता साडेबारा लाख राहतात, त्याचे दोन भाग. तिला पावणेसोळा, त्याला सव्वासहा. मला दुसरी रीत जास्त न्याय्य वाटते, कारण माहेरच्या पैशांनी दगड-विटांत दहा वर्षं काढली, ते बिनव्याजी उसने दिलेले नव्हते. पण कोणतीही निवडा. आधी ठरवा आणि लिहून ठेवा.

विकायचंच असेल तर दलाली आणि सोसायटीचा हस्तांतरण प्रीमियम, ज्याची महापालिका हद्दीतली कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, मूल्यातून वजा करणं योग्य. एकाने घर ठेवायचं असेल तर न होणारा खर्च वजा करू नये.

आतापर्यंतचं सगळं कागद चोख असलेल्या फ्लॅटबद्दल झालं. वसई-विरारचा खरा पेच याच्या पुढे सुरू होतो. १९९०पासून या भागाचं नियोजन सिडकोकडे होतं, ३ जुलै २००९ला महानगरपालिका स्थापन झाली, १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला. या सगळ्या काळात लोकलच्या रुळांच्या पूर्वेला परवानगी नसलेल्या इमारती आणि चाळी उभ्या राहतच होत्या. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती बांधल्या गेल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने फेब्रुवारी २०२५पर्यंत त्या सगळ्या पाडल्या गेल्या. तिथे घर घेतलेल्यांकडे कागद होते, वीजबिल होतं, घरपट्टीची पावती होती. ती पावती म्हणजे इमारत अधिकृत असल्याचा दाखला नव्हे. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, आणि कर भरल्याने ते अधिकृत होत नाही. त्या ४१ इमारतींतला एखादा फ्लॅट २०२३मध्ये घटस्फोटात ‘पंचवीस लाखांचा’ म्हणून बायकोच्या वाट्याला आला असता आणि त्या बदल्यात तिने पोटगी सोडली असती, तर पुढे तिच्या हाती काय राहिलं असतं, याचा विचार प्रत्येक वकिलाने करावा असं मला कळकळीने वाटतं.

म्हणून इथे मूल्यांकनाची पहिली पायरी मोजपट्टी नव्हे, फाइल आहे. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आहे का, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी आहे का, आणि ते महापालिकेच्या नोंदीशी जुळतं का. सोसायटी नोंदलेली आहे का, शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावे, जमिनीचं कन्व्हेयन्स म्हणजे अभिहस्तांतरण झालंय का. बिल्डर करून देत नसेल तर सोसायटी मानीव अभिहस्तांतरण मागू शकते, आणि ते झालेल्या इमारतीला पुनर्विकासाची आशा असल्याने किंमत चढते. जमिनीचा सातबारा काढून त्यातल्या ‘इतर हक्क’ रकान्यावर नजर टाकावी. पालघर आदिवासीबहुल जिल्हा आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, आणि तशा जमिनीवरच्या बांधकामाची किंमत कितीही गोड सांगितली तरी ती टिकणारी नाही.

नोटरीवर घेतलेल्या खोल्यांचं काय? चाळीतल्या खोल्यांचे असे व्यवहार स्टॅम्पपेपर, कुलमुखत्यारपत्र आणि रोख यांवर झालेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११मध्ये ‘सूरज लॅम्प’ खटल्यात स्पष्ट केलं की अशा कागदांनी मालकी मिळत नाही. अशा खोलीचं मूल्य करता येतं, पण ते मालकीचं नसतं, ताब्याचं असतं. बँक कर्ज देत नाही, त्यामुळे घेणारा रोखीवालाच हवा. ग्राहक कमी, म्हणून दर कमी. वर पाडकामाची टांगती भीती. व्हॅल्युअरने अहवालात हे नुसत्या तळटीपेत न ढकलता आकड्यात उतरवलं पाहिजे. आणि वाटणी करताना अशी खोली एकाला आणि बँकेतली ठेव दुसऱ्याला, असं करू नये. जोखीम दोघांनी वाटून घ्यावी: खोली विकेपर्यंत दोघांची, विकल्यावर पैसे निम्मे. तोवर कुणी राहायचं ते वेगळं ठरवता येतं.

इमारतीची तब्येत हाही किमतीचाच भाग. २६ ऑगस्ट २०२५च्या रात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि १७ माणसं गेली. ती इमारत जुनी म्हणावी अशी नव्हती. महापालिका कायद्यानुसार तीस वर्षांवरच्या इमारतीला संरचनात्मक स्थैर्याचं प्रमाणपत्र लागतं, पण इथल्या अनुभवानंतर वय बघून निश्चिंत राहू नये. ऑडिटचा अहवाल मागावा. दुरुस्तीसाठी सोसायटी येत्या वर्षात किती वर्गणी काढणार आहे ते विचारावं आणि तेवढी रक्कम मूल्यातून वजा करावी. बोळिंजच्या म्हाडा वसाहतीत घर असेल तर विक्रीवरच्या पाच वर्षांच्या बंधनाचीही नोंद हवी. आज विकताच येत नाही त्या घराला आजचा खुला दर लावता येत नाही.

पश्चिमेला, निर्मळ, गास, नंदाखाल, भुईगावच्या वाड्यांत, चित्र निराळं. तिथे जोडप्याने स्वतःच्या पैशाने बांधलेला बंगला असतो, पण जमीन सासऱ्यांच्या नावे, नाहीतर सातबारावर चुलत्यांसह अकरा नावं. अशा वेळी जमीन आणि बांधकाम यांची किंमत वेगळी काढतात. बांधकामाचा आजचा खर्च काढायचा, वयाचा घसारा वजा करायचा. उरतो तो आकडा जोडप्याने घातलेल्या पैशांच्या जवळ जातो. जमिनीवर सुनेला हक्क सांगता येत नाही. पण त्या घरात राहण्याचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे. घर सासू-सासऱ्यांच्या नावे असलं तरी ते कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ‘सामायिक घर’ ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२०च्या ‘सतीश अहुजा’ निकालात सांगितलं. या वाड्यांतल्या ख्रिस्ती जोडप्यांना १८६९चा घटस्फोट कायदा लागतो, हिंदूंना १९५५चा विवाह कायदा. मूल्यांकनाची रीत दोघांना एकच. तिथे बांधकामाची जुनी बिलं, गवंड्याला दिलेले पैसे, सिमेंटच्या पावत्या लोकांनी ट्रंकेत जपलेल्या असतात. त्या काढा.

मूल्य कोणत्या दिवसाचं धरायचं? कायद्याने तारीख बांधून दिलेली नाही. वेगळे राहायला लागलो तो दिवस, अर्जाचा दिवस, की हुकूमनाम्याचा? परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोन टप्प्यांमध्ये सहा महिने असतात, ते सप्टेंबर २०१७च्या ‘अमरदीप सिंग’ निकालानंतर माफही होऊ शकतात. लढवलेला खटला मात्र वर्षं खातो. मला विचाराल तर पैसे प्रत्यक्ष द्यायच्या दिवसाच्या जितकं जवळ, तितकं बरं. आणि अहवाल सहा महिन्यांहून जुना झाला तर नवा काढायचा, अशी अट संमतीच्या अटींतच घालावी. सागरी मार्ग, बुलेट ट्रेनचं स्थानक, नवा कॉरिडॉर यांच्या बातम्यांनी फुगवलेला उद्याचा दर आजच्या मूल्यात धरू नये.

दोघांनी दोन व्हॅल्युअर आणले की दोन टोकाचे आकडे येतात आणि तिसरा आणावा लागतो. त्यापेक्षा एकच नोंदणीकृत व्हॅल्युअर, दोघांच्या सहीच्या पत्राने नेमलेला, फी निम्मी-निम्मी. फी मूल्याच्या टक्केवारीवर नको, कामाच्या ठरावीक रकमेवर हवी. पत्रात उद्देश स्पष्ट लिहावा: ‘वाटणीसाठी, अमुक तारखेचं बाजारमूल्य’. कर्जासाठी काढलेला जुना अहवाल झेरॉक्स करून जोडणं हा लोकांचा आवडता शॉर्टकट आहे, तो टाळा. एकमत झालंच नाही तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २६व्या आदेशाखाली न्यायालय बाजारमूल्य काढण्यासाठी कमिशनर नेमू शकतं. वाटणीच्या दाव्यात आणखी एक जुना, उपयोगी कायदा आहे, १८९३चा: तुकडे होऊ न शकणारं घर विकावं अशी निम्म्या किंवा जास्त हिश्शाच्या धन्याने मागणी केली, तर दुसरा हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या मूल्याला तो हिस्सा स्वतः विकत घेऊ शकतो. घर हातचं जाऊ नये असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी हे कलम आहे, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असतं.

शेवटचा अडसर बँकेचा. न्यायालयाने घर तिला दिलं तरी कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या आहेत आणि बँक दोघांनाही धरते. सहकर्जदाराचं नाव काढायला बँक उरलेल्याचं उत्पन्न नव्याने तपासते. एकटीच्या पगारावर १६ लाखांचं कर्ज बसत नसेल तर ११ लाख देऊन घर ठेवण्याची सगळी आखणी कागदावरच राहते. म्हणून संमतीच्या अटींवर सही करण्याआधी बँकेचं लेखी उत्तर घ्यावं. हस्तांतरणाची रीतही आधीच ठरवावी: राहतं घर पती-पत्नींनी एकमेकांना बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा, पण ते पती-पत्नी असेपर्यंतच. हुकूमनामा झाल्यावर ते नातं राहत नाही. हे वेळापत्रक वकिलाशी बोलूनच ठरवावं.

पैसे चुकते झाले, दस्त झाला, तरी सोसायटीच्या कपाटातला एक कागद राहून जातो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हौसेने भरलेलं नामनिर्देशनाचं पत्रक. त्यावर अजून जुनंच नाव असतं. शेअर सर्टिफिकेटवर नाव बदलायला जाल त्याच दिवशी सेक्रेटरींकडून तेही मागून घ्या, आणि वीजमीटर व घरपट्टीच्या अर्जांबरोबर नवं भरून द्या.